गियर खाली

मी सांगलीची. लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा सासरचे लोक मराठी बोलतात याचाच मला केवढा आधार वाटला होता. डोंबलाचा आधार! पहिल्याच आठवड्यात आमचे हे अंगणातून ओरडले, "अगं, ती बाल्टी खाली कर ना जरा." बादली न्हाणीघरात स्टुलावर होती, काठोकाठ भरलेली. मी ती दोन्ही हातांनी उचलून खाली फरशीवर ठेवली आणि पोळ्या लाटायला गेले. हे आत आले, भरलेली बादली बघितली आणि हसत सुटले. त्यांना ती रिकामी हवी होती. ह्यांची मोठी बहीण, म्हणजे माझी नणंद, तेव्हा माहेरी आली होती. तिला घरात सगळे जीजी म्हणायचे. तिनं ती गोष्ट मानपुरला आपल्या सासरी जाऊन सांगितली आणि पुढे कित्येक वर्षं मी तिथे गेले की पहिला प्रश्न तोच, "काय वहिनी, बाल्टी खाली झाली का?"

तर 'खाली' हा शब्द आमच्या घरात दोन अर्थांनी नांदला. माझा 'खाली' जमिनीकडचा, ह्यांचा हिंदीतला, रिकामा. त्यावरून कुरबुर व्हायची, पण अडायचं काही नाही, कारण शब्दाच्या मागे क्रियापद असायचं. 'खाली कर' म्हटलं की रिकामं करायचं, 'खाली ठेव' म्हटलं की ठेवायचं. एवढं मी शिकून घेतलं. आता तर माझ्याही तोंडात इंदुरी 'भिया', म्हणजे आपला 'भाऊ', इतका बसलाय की सांगलीची भावजय हसते.

मग ह्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. महिने गेले तसे थोडे शब्द परत आले, 'हो', 'नको', 'पाणी', आणि देव जाणे का, 'अरे यार'. सगळे सुटे सुटे. क्रियापद एकही आलं नाही. माणूस दिवसभर बोलायचा, ऑफिसातून आला की चहा गार होईपर्यंत गप्पा, आणि आता घरात भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू यायला लागला. मला त्या घड्याळाचा राग यायचा.

जीजीनं ह्यांना वाढवलेलं. आई लहानपणीच गेली, तेव्हा जीजीच वेणीफणीच्या वयाची होती, पण ह्यांना कडेवर घेऊन फिरायची. आता तिचे गुडघे गेलेले, तिला मानपुरहून येता येत नव्हतं, आणि हे तिच्याकडे जायला तयार नव्हते. तिच्यासमोर मुक्यासारखं बसायचं नव्हतं त्यांना. फोनवर तर काही उपयोगच नाही. जीजीला कमी ऐकू येतं, कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. म्हणून हे रोज सकाळी आरशासमोर बसून एकच शब्द घोकायचे. पहिला 'जी' यायचा आणि दुसऱ्याला तोंड वाकडं होऊन नुसती हवा निघायची. मी कणीक मळता मळता म्हणायचे, "अहो, एकच अक्षर दोनदा म्हणायचंय, त्यात काय एवढं?" म्हणायला काय जातंय माझं! शेवटी एका सोमवारी आला. स्वच्छ, घसा मोकळा करून. "जीजी." मी हातातली परात ठेवून त्यांचा मुका घेतला, ह्या वयात. रविवारी मानपुरला जायचं ठरलं.

बुधवारी सकाळी जीजीच्या मुलाचा फोन आला. "मामी, रविवारची वाट नका बघू. आजच आलात तर बरं. आई मामाला विचारतेय सारखी."

आता गाडी. आमची लहानशी जुनी गाडी आयुष्यभर ह्यांनी चालवली, मी आपली बिनगियरच्या स्कूटरवर खूश. लकव्यानंतर मी पन्नाशी उलटल्यावर ड्रायव्हिंग क्लासला गेले, कारण फिजिओथेरपीला रोज कोण नेणार? क्लासची गाडी नवी, तिथे सगळं लोण्यासारखं. घरची गाडी म्हणजे कर्म माझं! क्लच इतका झिजलेला की पाय जवळजवळ पूर्ण सोडेपर्यंत ती जागची हलायची नाही, आणि जरा चढ आला की इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी तिथेच, वर जळका वास. शिवाय तिसऱ्या गियरमधून दुसऱ्यात जायला ती तयारच नसायची. घराजवळ अन्नपूर्णा भागातच फिरायचं असल्यामुळे माझं निभायचं. गर्दी दिसली की सरळ थांबायचं आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू करायचं. मागचे भोंगे वाजवत बसायचे, वाजवू देत. आमच्या मेकॅनिकनं सांगितलं होतं, "मॅडम, क्लच प्लेट और गियरबॉक्स, दोनों खुलेगा. गाड़ी छोड़ जाओ." गाडी सोडून जायची तर फिजिओथेरपी बुडणार. राहू दे, पुढच्या महिन्यात बघू, असं करत राहिलं.

त्या बुधवारी मी म्हटलं, टॅक्सी करू. हे म्हणाले, "नको." ओळखीच्या सीटवर, ओळखीच्या दाराचं हँडल डाव्या हातानं धरून बसायची सवय झालेली, परक्या गाडीत चढताना एकदा पडले होते. ह्यांच्या 'नको'पुढे कुणाचं चाललंय? बसवलं, पट्टा लावला, निघालो. राऊपर्यंत हे अधूनमधून ओठ हलवत होते. मला माहीत होतं काय चाललंय ते. शब्द सांडू नये म्हणून जपत होते.

महू मागे पडलं आणि मला जरा धीर आला. मानपुर आता आलंच, असं मी ह्यांना म्हटलंसुद्धा. पुढे एक चढ लागला. चढावर समोर लोखंडी सळया भरलेला ट्रक, मुंगीच्या पावलानं चाललेला. मी तिसऱ्या गियरमध्ये. गाडी धापा टाकायला लागली, थरथरायला लागली. थांबावं तर मागे दुसरा ट्रक. तेवढ्यात हे, जे गाडीत कधी एक शब्द बोलत नाहीत ते, डावा हात हँडलवरून काढून जोरात म्हणाले, "खाली!"

मी म्हटलं, हो, खालचा गियर. क्लच दाबला आणि तिसऱ्यातून सरळ दुसऱ्यात ओढला. खर्रर्र करून असा आवाज आला की माझे दात आंबले. हे ओरडले, "खाली! खाली!" मी आणखी जोर लावला. दांडा गेला कुठेतरी. पाय सोडला, गाडीनं एक हिसका दिला आणि बंद पडली. नंतर तो दांडा पुढे जाईना, मागे येईना. मागच्या ट्रकवाल्यानं आई-बहीण काढली आणि बाजूनं निघून गेला. दोन वाटसरूंनी ढकलून बघितलं, तर क्लच दाबूनही गाडी घोरपडीसारखी रस्त्याला चिकटलेली.

मी ह्यांच्यावर ओरडले. होय, ओरडले. "खालीच घेतला ना मी? अजून कुठे खाली घेऊ? पाताळात?" ह्यांनी मान हलवली. डावा हात दांड्यावर ठेवला, आणि बोटं उघडून तळहात दाखवला. रिकामा. मग मला कळलं. खाली म्हणजे न्यूट्रल. आधी गियर रिकामा करायचा, क्लच सोडून पुन्हा दाबायचा, मग दुसरा टाकायचा, अशी ही गाडी दुसऱ्यात जात असे. वर्षानुवर्षं हे असंच करत आले होते आणि मी शेजारी बसून भाजीचे भाव बोलत होते. एक 'कर' म्हणाले असते, नुसतं एक 'कर', तर मी समजले असते. कुठून म्हणणार? माझ्या तोंडावरचं बघून ते एवढंच म्हणाले, "अरे यार." आणि त्यांच्या उजव्या डोळ्यातून, जो नीट मिटत नाही त्यातून, पाणी यायला लागलं.

ऊन चढलं. मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, मी येतो. मी म्हटलं, तू तिथून हलायचं नाहीस, जीजीजवळ थांब, मी बघते. बघते म्हणजे काय, हात दाखवत उभी राहिले. बसमध्ये हे चढू शकत नाहीत. गाड्या थांबत नव्हत्या, आणि थांबतील तरी का, भररस्त्यात हातवारे करणारी बाई बघून? शेवटी एक लोडिंग रिक्षा थांबली. टमाटे महूला उतरवून परत चाललेली. "बैठ जाओ अम्मा, खाली ही जा रिया हूँ," तो म्हणाला. तो शब्द ऐकून मला त्याच्या तोंडावर हसावंसं वाटलं आणि रडावंसंही. आम्ही दोघांनी मिळून ह्यांना त्याच्या शेजारी बसवलं. मी मागे, टमाट्याच्या रिकाम्या कॅरेटवर.

रिक्षा सुटली आणि भाच्याचा फोन वाजला. मी कानाला लावला. तो म्हणाला, "मामी, आईला खाली घेतलं."

आमच्याकडे एवढंच म्हणतात. माणूस गेलं की त्याला खाटेवरून काढून जमिनीवर ठेवतात, आणि 'गेली' हा शब्द जिभेवर येत नाही म्हणून 'खाली घेतलं' म्हणतात. सांगलीत म्हणतात, आणि इंदूरकडच्या मराठी घरांतही म्हणतात. ह्या एका जागी त्यांचा आणि माझा 'खाली' एकच. मला तो फोन रस्त्यावर फेकून द्यावासा वाटला.

मागच्या बाजूला काच नव्हती, नुसती जाळी होती. जाळीतून मला ह्यांचं डोकं दिसत होतं. रिक्षावाला काहीतरी विचारत होता आणि हे त्याला उत्तर देत होते. त्याच्या प्रश्नाशी काही संबंध नाही, एकच उत्तर. "जीजी." तो म्हणाला, "हाँ भिया, जीजी के यहाँ जा रिये हो?" हे जोरात म्हणाले, "हो." इतक्या महिन्यांत कुणा परक्याशी झालेलं त्यांचं ते पहिलं संभाषण. मी जाळीला हात लावून सांगू शकले असते. नाही सांगितलं. मानपुरपर्यंत हे तो शब्द म्हणत राहिले आणि मी पदर तोंडात धरून ऐकत राहिले.

दारात चपलांचा ढीग बघून हे थबकले. भाचा पुढे आला, मामाला धरलं, आत नेलं. भिंतीशी खाट होती, गादी गुंडाळून एका बाजूला केलेली. जीजी खाली, सतरंजीवर, डोकं उत्तरेला. हे आधी खाटेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खाली."

मी म्हटलं, "हो, खाट खाली झाली हो." मी ह्यांचाच शब्द ह्यांच्याच अर्थानं वापरला, समजूत घालायला. त्यांनी रागानं मान हलवली. "खाली! खाली!" चढावरचाच आवाज, तसाच जीव तोडून. भाच्याला वाटलं मामा भ्रमिष्ट झाला. मग त्यांनी डावा हात जमिनीकडे केला. माझा अर्थ. सांगलीचा. मला खाली बसवा.

लकवा झाल्यापासून हे जमिनीवर बसले नव्हते. मी एका काखेत हात घातला, भाच्यानं दुसऱ्या, आणि हळूहळू गुडघे वाकवून त्यांना जीजीच्या उशाशी टेकवलं. उजवा पाय तसाच लांब राहिला. हे वाकले, तिच्या कानापाशी तोंड नेलं, आणि म्हणाले, "जीजी."

स्वच्छ आला शब्द. दोन्ही अक्षरं. ह्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, वाट बघितली, आणि पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं. जीजीला कमी ऐकू येतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. खोलीभर बायका बसल्या होत्या, बाहेर माणसं तयारीला लागली होती, आणि हे तिच्या कानात ओरडत होते. त्यांना थांबवायला कुणीच पुढे झालं नाही.