लाखेखालचा काटा

माझे बाबा, दुलीचंद रहांगडाले, यांनी आमगावात चाळीस वर्षं लोकांचे फोटो काढले आणि माझ्या आईचा एकही धड काढला नाही. हे मी रागानेच लिहितेय. अख्ख्या तालुक्याची लग्नं त्यांनी काढली, सातवीचे निरोप समारंभ काढले, कचारगडच्या यात्रेतली कुटुंबं ओळीने उभी करून काढली. घरात मात्र दिव्याखाली अंधार. आई, जमुना, मी नऊ महिन्यांची असताना काविळीने गेली. तिच्या लग्नाचा एक फोटो आहे, पण त्यात पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. मला सुशीला आत्याने वाढवलं, तीही आता नाही. आईचा चेहरा एकदा पाहायला मिळावा, एवढी एकच गोष्ट मी आयुष्यभर मागत आले, आणि तिचं नाव काढलं की बाबा खेकसायचे.

गेल्या दिवाळीत मी गोंदियाहून घरी गेले, तर बाबांनी त्यांचा जपानी कॅमेरा माझ्यापुढे ठेवला. उभा, एकावर एक दोन भिंगांचा, वरून वाकून पाहायचा.

"घेऊन जा. आकडे दिसत नाही मले आता. कबाडीवाला नेईन तं बरं नाही वाटनार."

"मग शिकवा आधी," मी म्हणाले.

बाबा शिकवायला लागले की मास्तरापेक्षा वाईट. एका चाकावर उजेड आत सोडणाऱ्या भोकाचे आकडे: साडेतीन, चार, पाच पूर्णांक सहा दशांश, आठ, अकरा, सोळा. दुसऱ्यावर वेळेचे: पाचशे म्हणजे सेकंदाचा पाचशेवा हिस्सा. आकडा मोठा तितकं भोक लहान, हे ऐकून मी चिडलेच. मी गणित शिकवते, मला असा उलटा कारभार खपत नाही. शिवाय आठानंतर थेट अकरा कसे? कागदावर मांडून पाहिलं, तर चारापासून पुढे प्रत्येक आकडा मागच्याला दोनाच्या वर्गमुळाने गुणून येतो, म्हणून एक घर सरकलं की उजेड बरोबर निम्मा. बाबांना वर्गमूळ ठाऊक नाही. पण त्यांच्या बोटांना ते निम्मेपण पाठ होतं.

"धानाच्या रोवण्याच्या टायमाले शेतातल्या बांधीत पानी राहते," ते सांगत होते. "उजेड खालूनही येते. वरचं आभाळ पाहून आकडा लावशीन तं बाईचं तोंड पांढरं फट्ट होईन. एक घर बंद करायचं."

भिंगाच्या कडेला एक बारीक काटा होता. त्यावर लाल लाखेचा थेंब, घट्ट वाळलेला.

"हा कशाचा?"

"त्याले हात नोको लावू. मले फोटो काढाले शिकवनाऱ्या उस्तादनं बसवला होय. म्हने, हा काटा जिंदगीत हालवायचा नाही."

आता मला हालवू नको म्हटलं की माझा हात आधी तिकडेच जातो. मी नखाने लाख उकरली. खाली दोन अक्षरं होती, एम आणि एक्स, आणि काटा एमवर. मोबाइलवर शोधलं, तर पाच मिनिटांत उत्तर मिळालं. उस्तादांच्या काळी फ्लॅशला एकदाच जळणारे बल्ब असत. बल्बाला पूर्ण पेटायला क्षणभर लागतो, म्हणून एमवर कॅमेरा आधी बल्ब पेटवतो आणि जरा थांबून डोळा उघडतो. बॅटरीचा फ्लॅश मात्र लगेच चमकून विझतो. त्याला एक्स लागतो. एमवर ठेवलं, तर डोळा उघडेपर्यंत उजेड संपलेला असतो.

मी हे मोठ्यांदा वाचून दाखवलं. बाबांनी कॅमेरा माझ्या हातातून घेऊन काटा डोळ्यांजवळ धरला.

"बाबा, यावर बॅटरीचा फ्लॅश कधी लावला होता का?"

"एकदाच," ते म्हणाले. "तुया बारशाले."

नवाकोरा फ्लॅश होता तो. पहिला फोटो आपल्याच घरचा काढायचा, म्हणून त्यांनी गिऱ्हाइकांना थांबवून ठेवलं होतं. बारा फोटो काढले. बाराही वेळा ओसरी लखकन उजळली. फिल्म धुतली, तर सगळी कोरी. बाबा दुकानदाराशी भांडून फ्लॅश परत देऊन आले. पुढच्या सुगीला पुन्हा काढू, असं ठरलं. सुगीच्या आधी आई गेली.

"फ्लॅश खराब होता, असंच समजून राहिलो इतके वर्षं," ते म्हणाले. "त्या मानसाले मी चोर म्हनलो, रेणू."

मला त्यांची कीव यायला हवी होती. आला तो संताप. एक काटा, नखाएवढा, आणि त्यापायी माझ्या आईचा चेहरा गेला तो गेलाच. मी विचारलं, "फिल्म कुठे आहे?"

ती त्यांनी टाकली नव्हती. कोऱ्या फिल्मची पट्टी कोणी छत्तीस वर्षं जपून ठेवतं का? पेटीतल्या पाकिटात ती होती.

माझ्या टॅबचा पडदा पांढरा करून मी पट्टी त्यावर ठेवली. अगदीच कोरी नव्हती. त्या संध्याकाळी ओसरीत गॅसबत्ती होती आणि बाबांनी भोक पूर्ण उघडलं होतं, तेवढ्यावर काहीतरी उमटलं होतं. मोबाइलने एकेक चौकट टिपली, काळ्याचं पांढरं केलं, उजेड वाढवत नेला. एक सोडून बाकी सगळ्या चौकटींत बत्ती आणि पाळण्याची दोरी, बस. अकराव्या चौकटीत पाळण्यावर वाकलेली एक बाई दिसली. डोक्यावर पदर, पण मागे सरकलेला. गालाची कड, नाक, ओठांचा एक कोपरा. ती हसत होती.

 बारशाला पाळण्यापाशी दोनच बाया होत्या, आई आणि आत्या. ही म्हातारपणाआधीची आत्याही असू शकत होती.

"बाबा, ही कोण? आई का?"

त्यांनी मोबाइल डोळ्यांना लावला. दूर धरला. पुन्हा जवळ आणला. अंगणात उन्हात सुकत घातलेल्या धानावर चिमण्या उतरल्या होत्या, त्यांनाही त्यांनी हाकललं नाही.

"मले नाही समजून राहिलं," शेवटी ते म्हणाले. "तिचं तोंड याद नाही मले, रेणू. लय वर्षं झाले. ती कशी दिसे हे तू कधी विचारशीन याचं भेव वाटे, म्हनून तुयावर खेकसत होतो."

इतकी वर्षं मला वाटायचं, आई निदान बाबांच्या डोळ्यांत तरी शाबूत आहे. मी रडले, आणि मग त्यांच्या शेजारी बसले.

"आईच आहे, बाबा," मी म्हणाले. "आत्याचं नाक असं नव्हतं."

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि लगेच मान हलवली.

"हो. जमुनाच होय."

आत्याचं नाक असंच होतं, ते मला चांगलं आठवतं. फोटो मी फ्रेमला टाकला आहे.