हातभर खाली आलेलं पाणी

जमिनीवर पालथं पडायचं, हनुवटी मातीला टेकवायची, एक डोळा मिटायचा आणि पुढ्यातल्या काठोकाठ भरलेल्या पितळी परातीवरून लांबच्या खुंटीकडे पाहायचं. शेलूबाजारजवळच्या आमच्या गावातल्या त्या माळ्याला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते असं. मला वाटलं, माणूस भोवळ येऊन पडला. धावत गेलो, तर तो खालूनच म्हणाला, "सावली हटवा भाऊ, पानी दिसून नाही राह्यलं."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. एकच गोष्ट धरतात आणि मग त्यांना दुसरं काही दिसत नाही.

त्याचं वावर तीन एकर. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायचा आणि बाजाराला न्यायचा. होळीनंतर विहीर आटली की सगळं जळून जाई. टेकडीच्या पोटाशी मात्र एक झरा होता, भर उन्हाळ्यातही न आटणारा. तिथून चर खणून पाणी वावरात आणायचं, एवढंच त्याने मनाशी धरलं होतं. परातीतल्या पाण्याच्या पातळीवरून तो चराचा उतार धरायचा आणि तिथे खुंट्या ठोकायचा. मधे तीन अडचणी: खडकाचा पट्टा, नाला, आणि माझ्या वावराचा कोपरा. पारावर बसला की तो त्या बोटांवर मोजायचा. तिन्ही शिल्लक असतानाही म्हणायचा, "आता एकच राह्यली."

खडकावर त्याने तुराट्या पेटवल्या, तापलेल्या दगडावर गार पाणी ओतून तो तडकवला. नाल्यावर आंब्याचं खोड कोरून पन्हळ घातली. त्याची बायको बांधावरून ओरडायची, "भाकरी कायच्यात थापू? परात तं तुमच्यासंग वावरात झोपली!" तो हसायचा, पण परात द्यायचा नाही.

तिसरी अडचण मी. पारावर चार माणसांदेखत त्याने विचारलं, "भाऊ, तुमच्या कोपऱ्यातून चर नेऊ का?"

"खुशाल ने दादा," मी म्हणालो. नाही म्हणायची लाज वाटली.

घरी आलो आणि वडिलांचं बोलणं आठवलं. दुसऱ्याचं पाणी एकदा आपल्या वावरातून गेलं की ती वहिवाट होते, मग ते कधी थांबवता येत नाही. मी तेव्हा तिशीतला. जमीन नुकतीच माझ्या हाती आली होती.

तो रोज आठ-दहा खुंट्या ठोकायचा आणि दुसऱ्या दिवशी शेवटच्या खुंटीपासून पुढचं माप धरायचा. एका दुपारी तो जेवायला घरी गेला होता. शेवटची खुंटी माझ्या बांधाला लागूनच होती. मी ती उपटली, दोन हात उताराला सरकवली आणि दगडाने ठोकली. जुन्या भोकात माती दाबली. पुढची सगळी ओळ त्या मापाने खाली गेली की चर माझ्या कोपऱ्याबाहेरून, पडीक जमिनीतून जाणार होता. त्याच्या वावरात पाणी चढेल की नाही, याचा विचार मी केला नव्हता, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. केला होता.

दुसऱ्या दिवशी तो आनंदात आला. "भाऊ, तुमचं वावर वाचलं! ओळ खालूनच चालली. मले उगाच वाटलं होतं."

पुढे तो आणि त्याची बायको दोघांनी मिळून एक अख्खा उन्हाळा मुरूम खणला. तिच्या हाताला चिंध्या बांधलेल्या असत.

पाणी सोडलं त्या दिवशी गाव जमला. नारळ फुटला. पन्हळीतून पाणी आलं, चरातून पळालं, त्याच्या वावरापाशी पोचलं आणि बांधाखालून हातभर खोल पुढे निघून गेलं, परत नाल्याला. कुणीतरी ओरडलं, "वा रे परातीचे इंजिनेर!" लोक हसले. थोडा मीही हसलो.

त्याने वाकून पाण्यापासून बांधापर्यंतचं अंतर हाताने मोजलं. मग म्हणाला, "माहीच नजर चुकली."

एक उन्हाळा त्यांनी बादलीने पाणी उपसून वर टाकलं. तिघा-चौघांनी सांगितलं, अर्धा चर वरून नव्याने खण, पुन्हा खुंट्या मार. तो म्हणायचा, "मारतो. पन कोनाच्या डोयानं पाहू?" पुढे वांग्याची सरी ओढायची तरी बायकोला हाक मारायचा, "पाहाय वं, सरळ हाये का?" सरी सरळच असायची. माझ्या बांधावरून मला दिसायची.

शेवटी वावर विकून दोघं मंगरूळपीरला गेली, दुसऱ्याच्या मळ्यात कामाला. परवाच्या थंडीत तो तापाने गेल्याचं कळलं. मला आता पन्नाशी लागली. आठ दिवस गेले, मग मी मंगरूळपीरला गेलो.

त्याची बायको मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. "या भाऊ," म्हणाली आणि पोतं अंथरलं. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. खुंटी, दुपार, दगड, सगळं. ती ऐकत राहिली. हात थांबले नव्हते.

"म्हंजे डोये चांगले होते त्याइचे," ती म्हणाली.

"हो वहिनी."

तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"इथल्या हकिमाचं औषध डोयात घालत होते. मरेपर्यंत, रोज सकायी. लय झोंबे. लहान पोरावानी वरडत. डोकं मीच दाबून धरत होती."

आणि ती तिचे दोन्ही तळहात उलटेसुलटे करून पाहू लागली.