गोदाम स्वच्छ आहे

तिला सगळे बोकी म्हणायचे, पण पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. एका कारकुनाने एकदा म्हणून पाहिलं, तर तिने हातातला पिंजरा त्याच्या टेबलावर आदळला. आत जिवंत घूस होती आणि पिंजऱ्याचं दार उघडं. गडी खुर्चीवर चढला तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाली उतरला नाही. नवऱ्याने लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात हात उगारला, तेव्हा तिने त्याचा पुढचा दात पाडला. तो निघून गेला. "बरं झालं, एका माणसाचा स्वयंपाक वाचला," एवढंच ती म्हणाली.

बावीस वर्षं ती प्रयोगशाळेसाठी उंदीर धरत होती. हौस म्हणून नव्हे. उंदरांच्या लघवीतून एक विषाणू पसरतो. लघवी वाळते, तिची धूळ होते, कुणी तिथे झाडू मारतो, कुणी गोणी उचलतो आणि ती धूळ नाकातून आत जाते. उंदराला मेल्याला काही होत नाही. माणसाला मात्र आधी ताप येतो, मग कंबर मोडून पडल्यासारखी दुखते, मग मूत्रपिंडं बंद पडतात आणि तोंडाला रक्त येतं. म्हणून दर महिन्याला गावातल्या पाच ठिकाणांहून तीस तीस उंदीर धरून तपासायचे. पिंजऱ्याचं तोंड कापडी पिशवीला लावायचं, उंदीर पिशवीत पाडायचा, पिशवी गुंगीच्या औषधाच्या बरणीत घालायची. पाय झाडायचे थांबले की पोट फाडायचं, रक्त नळीत, फुप्फुसाचा तुकडा दुसऱ्या नळीत, आणि नळीला चिठ्ठी. चिठ्ठीवर तारीख आणि ठिकाण. कालव्याचा उंदीर आणि बाजारातला उंदीर, फाडल्यावर दोघांचं आतडं सारखंच. म्हणून प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाई नेहमी बजावायच्या, "उंदीर निसटला तर निसटू दे, चिठ्ठी चुकता कामा नये."

आणि बोकीची चिठ्ठी कधी चुकली नव्हती. तिने ती चुकवली, ती धाकट्यासाठी.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, बोकीनेच त्याला वाढवला. आता तो धान्याच्या गोदामात हमालांचा मुकादम होता. एका दुपारी तो तिच्या घरी आला आणि चहा न पिताच म्हणाला, "ताई, यंदा गोदामात उंदीर फार झालेत. तुझ्या बाईंना एक जरी रोगी उंदीर सापडला, तर टाळं लागेल. सत्तर घरांची चूल बंद. माझ्यासकट."

"मग मी काय करू? उंदरांना समजावून सांगू?"

"आमच्याकडे पिंजरे लावू नकोस. दुसरीकडचे उंदीर घे आणि आमचं नाव घाल. एवढं कर ना गं."

तिने त्याला हाकलून दिलं. शिव्या घालून, चप्पल फेकून हाकलून दिलं. आणि दुसऱ्या दिवशी तो म्हणाला तसंच केलं. कालव्याकाठचे उंदीर वर्षानुवर्षं निरोगी निघत होते. तिने तिथे साठ धरले आणि तीस चिठ्ठ्यांवर 'गोदाम' लिहिलं. एक महिना, दोन महिने, तीन महिने. प्रयोगशाळेने दर महिन्याला गोदामाच्या फाटकावर कागद डकवला: तपासले, स्वच्छ आहे.

चौथ्या महिन्यात एकाच आठवड्यात तीन हमाल तापाने पडले. पहिला गेला. दुसरा, अवघा विसाचा, तोही गेला. डॉक्टरबाई नकाशासमोर डोकं धरून बसल्या. "गोदाम तर स्वच्छ आहे. मग हे येतंय कुठून? शेजारी तो ससेवाला आहे ना? उद्या त्याच्या सशांचं रक्त घेऊन ये."

त्याच वेळी बोलायला हवं होतं. बोकीच्या जिभेवर शब्द आले होते, देवाशपथ आले होते. पण डोळ्यांपुढे धाकटा आला आणि तिने ते गिळले. सुया घेऊन ती ससेवाल्याच्या अंगणात गेली. म्हाताऱ्याने एकेक ससा स्वतः धरून दिला, वर म्हणाला, "हळू टोच गं, भित्री आहेत." गोदामाच्या भिंतीवरून हमाल बघत होते. बघणाऱ्यांना काय, तेवढंच पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कालव्यावरून पिंजरे घेऊन येत होती, तेव्हा आरडाओरडा ऐकू आला. ती धावली. ससेवाल्याचं फाटक मोडून पडलं होतं. तीस-चाळीस हमाल आत घुसले होते, प्रत्येकाच्या हातात गोणी ओढायचा लोखंडी आकडा. खुराडी उलटी करून ससे बाहेर खेचत होते, मागचे पाय धरून भिंतीवर आपटत होते, बुटांखाली चिरडत होते. ससा ओरडतो हे बोकीला तोवर माहीत नव्हतं. आणि मधोमध धाकटा! एका हाताने त्याने म्हाताऱ्याची मान खुराड्यावर दाबली होती.

"आमची दोन पोरं खाल्लीस तू!" धाकटा ओरडत होता. सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच. खरं काय ते तिथे फक्त त्याला आणि बोकीला ठाऊक होतं.

"सोड त्याला!" बोकी किंचाळली. "सशांचं काही नाही!"

"मग कशाचं?" कुणीतरी विचारलं. "गोदाम तर तूच तपासलंस. कागद लागलाय फाटकावर."

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. लहानपणी काही फोडलं की पाहायचा तसंच पाहिलं. ती गप्प राहिली. फार नाही, दोन श्वास घेण्याइतका वेळ. तेवढ्यात मागून कुणाचा तरी आकडा फिरला आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यात बसला.

"कागद खोटा आहे!" आता तिचा आवाज फाटला. "तीन महिने मी गोदामात पाऊलसुद्धा टाकलं नाही. कालव्याचे उंदीर तुमच्या नावावर घातले. रोग तुमच्या गोण्यांत आहे, मूर्खांनो!"

"खोटं बोलते," धाकटा म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "हिला वेड लागलंय."

तळपायाची आग तिच्या मस्तकात गेली. "मला वेड? मग सांग की रे, मला सांगायला कोण आलं होतं! सांग सगळ्यांना!"

त्याला सांगावं लागलंच नाही. त्याची बोबडी वळली होती, ते सगळ्यांनी पाहिलं. मग जे म्हाताऱ्याला चाललं होतं ते धाकट्याला सुरू झालं. तो पहिल्या दोन लाथांतच खाली कोसळला. बोकी पिंजरे टाकून त्याच्या अंगावर पडली. पाठीवर, कमरेवर, डोक्यावर फटके बसत होते. ती ओरडत होती, "मला मारा! याने सांगितलं, पण लिहिलं मी! हा हात माझा!"

एकाने ते अक्षरशः ऐकलं. तिचा उजवा हात ओढून उंबऱ्याच्या दगडावर ठेवला, त्यावर गुडघा दिला आणि आकड्याच्या मुठीने बोटं एकेक करून ठेचली. तिसऱ्या बोटानंतर तिला शुद्ध राहिली नाही.

म्हाताऱ्याचा डोळा गेला. ससा एकही उरला नाही. धाकट्याच्या चार बरगड्या मोडल्या आणि इस्पितळातूनच पोलिसांनी त्याला नेलं. बोकीवरही खटला भरला. डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत, रडल्या. मग म्हणाल्या, "तुझं काय करायचं ते कोर्ट ठरवेल. पण गोदामातल्या उंदरांच्या वाटा तुलाच माहीत आहेत. चल."

नाकातोंडाला फडकं बांधून, डाव्या हाताने तिने पिंजरे लावले. दुसऱ्या दिवशी तीस उंदीर मिळाले आणि त्यातले एकोणीस रोगी निघाले. संध्याकाळी फाटकाला टाळं लागलं.

उरलेले पिंजरे उचलून ती बाहेर आली, तर फाटकाशी एक बाई उभी होती. तापाने गेलेल्या त्या विशीतल्या पोराची आई. बोकीने पिंजरे खाली ठेवले आणि ती वाट पाहत उभी राहिली. ही आता मारणार, आणि मारलं तर मारू दे, असं तिने मनाशी धरलं होतं.

बाईने हात उचलला नाही. ती फाटकावर अजून तसाच राहिलेला जुना कागद बघत होती.

"माझा पोरगा इथे कामाला लागून दोनच महिने झाले होते," ती म्हणाली. "त्याला यायचं नव्हतं. उंदीर फार आहेत म्हणायचा. मी इथवर आले, हा कागद वाचला, आणि घरी जाऊन त्याला म्हटलं, जा रे, काही होत नाही."