धाकटीला घातलेला हार

माझी बायको गेली आणि दुसऱ्याच दिवशी मंगळवार पेठेत आमच्या बोळाच्या तोंडाला श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. त्यावर फोटो होता तिच्या बहिणीचा. बहीण जिवंत आहे. दोघी जुळ्या, माझी थोरली, ती धाकटी. फ्लेक्सच्या खालच्या बाजूला तालमीतल्या चौदा जणांचे फोटो, गॉगल लावून. त्यातल्या एकाचाही चुकला नव्हता.

मी बघितलं ते तिसऱ्या दिवशी सकाळी, रक्षाविसर्जनाला निघताना. जागीच थांबलो. पोरगा मागनं म्हणतोय, "आबा, चला की, माणसं खोळंबल्यात."

"ही कोण हाय?"

"आई की."

"हनुवटी बघ."

दोघींना लहानपणी एकाच दिवशी, एकाच बाईनं हनुवटीवर गोंदलं होतं. धाकटी गप बसली, तिचा ठिपका बरोबर मधी. माझीनं मान झटकली, तिचा डावीकडं सरकला. जन्मभर तसाच. पोराला तिनं तोंडासमोर बसून घास भरवले, शिव्या दिल्या, आणि त्याला ठिपका कुठं होता ते माहीत नाही.

पोरगा बघत राहिला. "आयला, मावशी हाय व्हय," म्हणाला. मग म्हणतो, "पर आबा, दोघी सेमच की. कुणाला कळतंय?"

ह्या एका वाक्याचा राग माझ्या मनातनं अजून गेलेला नाही. जाणार पण नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. उचगावकडच्या फौंड्रीत जन्म गेला, साचे भरण्यात. एका पॅटर्नचे दोन नग पुढ्यात टाका, कुठला माझ्या हातचा ते सांगतो. ते तर लोखंड.

चूक माझ्याकडनं पण झालीय, ती लपवत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलतो. चुलीपुढं पाठमोरी बसलेली बघून म्हणालो, "पाणी दे गं." वळली ती धाकटी. सगळं घर हसलं. माझी तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "म्हायेरात समदी आमास्नी जुळ्या म्हणूनच हाक मारायची. एकटीला कोण हाक मारलीच न्हाय. वाटलं हुतं, लगीन झाल्यावर तरी मी एकटी हुईन."

त्यानंतर मी कधी चुकलो नाही. अंधारात पावलावरनं ओळखायचो. आणि मेल्यावर तिला परत जुळी करून बोळाच्या तोंडाला टांगली, ती पोटच्या पोरानं.

झालं कसं, तेही ऐका. हातकणंगल्यात भाच्याचं लग्न होतं, तिथं दोघी आहेराच्या एकसारख्या साड्या नेसून शेजारी शेजारी बसलेल्या. मोबाईलमधल्या त्या फोटोतली एक पोरानं कापून दिली. फ्लेक्सवाल्यानं विचारलं, "कपाळाला कुंकू दिसंना झालंय, घालू काय?" हा म्हणाला, "घाला की." अरे, आईचं कपाळ मोकळं कसं, एवढं तरी डोक्यात यायला नको? धाकटीचा नवरा जाऊन दहा वर्षं झाली.

धाकटी त्या सकाळी आलीच होती. माझ्या शेजारी उभी राहून तिनं फ्लेक्स वाचला, सगळा.

"दाजी," म्हणाली, "दहा वर्सांनी कुंकू लागलं मला. पर त्यासाठी मरावं लागलं."

बायका हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मला हसू आलं नाही. तालमीतल्या एकाला म्हणालो, उतरव. तो म्हणाला, "तात्या, बाराव्यापतूर राहू दे की. मधीच उतरवणं बरं दिसत न्हाय."

"मग शिडी दे. मी चढतो."

उतरवला.

त्याच फोटोतली दुसरी बाजू काढायला लावली. त्यात ती धाकटीकडं वळून काहीतरी बोलतेय. तोंड उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला, पदर घसरलेला. पोरगा म्हणाला, "आबा, श्रद्धांजलीला असला फोटो कोण लावतंय? हसतील लोक."

म्हणालो, "हसू देत. तोंड मिटून ती कवा बसलती?"

ठिपका मात्र स्वच्छ दिसत होता, डावीकडं. तोच लागला. बाराव्याला जेवायला आलेली माणसं वर बघायची आणि मान खाली घालायची. एक पावणं तर म्हणालं, दुसरा फोटो नव्हता व्हय घरात? त्याला मी कुणाला वाढू दिलं नाही. स्वतःच्या हातानं वाढून घे म्हणालो.

दुपारी धाकटी फ्लेक्सखाली उभी होती. म्हणाली, "दाजी, ह्यात ती मलाच बोलाय लागलीय. सरळ बस, फोटो काढाय लागल्यात, म्हणत हुती."

मग जायला निघाली. पोरानं जुना फ्लेक्स दारातल्या मोटारसायकलवर झाकण म्हणून घातला होता, तोंड वर करून. मी काही बोलायच्या आत तिनं तो ओढला, पदरानं पुसला, तोंड आत ठेवून घडी घातली.

"ह्यो मी न्हेते. लागंल की मला."

तिला हातकणंगल्याच्या गाडीत बसवून आलो. ती खिडकीतनं हात हलवत होती. गाडी सुटेपर्यंत मी चाकाकडंच बघत उभा होतो. तिच्या तोंडाकडं बघायचं माझ्याच्यानं झालं नाही.