सरकीची वेबसाइट हलवताना

सगळं सामान नव्या सर्व्हरवर येऊन पडलं होतं आणि वेबसाइट मात्र जागची हलली नव्हती. शेगावच्या माझ्या ऑफिसात युसूफभाई समोरच्या खुर्चीवर बसले होते. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं. रोजे चालू होते, त्यामुळे चहाचं विचारायचीही सोय नव्हती.

"झालं म्हनता, अन् दिसत तं काहीच नाही," ते म्हणाले. "काऊन बरं?"

काऊन ते त्यांना सांगितलं तसंच तुम्हालाही सांगतो. वेबसाइट म्हणजे एक दुकान समजा. होस्टिंग म्हणजे दुकानाचा भाड्याचा गाळा. डोमेन म्हणजे दुकानाचा पत्ता. गाळा बदलायचा तर सामान उचलून नेता येतं. ते मी नेलं होतं. फोटो, मजकूर, ऑर्डरचा फॉर्म, सगळं. पण जुना पत्ता विचारत येणाऱ्या माणसाला नव्या गाळ्याकडे वळवायचं, तर डोमेनच्या खात्यात शिरून तिथली एक नोंद बदलावी लागते. आम्ही त्याला नेमसर्व्हर बदलणं म्हणतो. काम चुटकीसरशी होतं. फक्त त्या खात्याचा पासवर्ड लागतो, आणि तो कोणाकडेच नव्हता.

युसूफभाई सोनाळ्याचे कास्तकार. वावर भावाभावांच्या सामाईकीतलं. सगळा तालुका बीटी कापसाच्या पाकिटांमागे गेला, तेव्हा या माणसानं एका तुकड्यात गावरान कापूस धरून ठेवला. जिनिंगमध्ये चार जागचं बी मिसळतं, म्हणून ते घरीच हातानं फिरवायच्या रेच्यावर कापूस रेचून सरकी, म्हणजे कापसाचं बी, वेगळी काढायचे. गावात लोक त्यांची टिंगल करायचे. कृषी केंद्रवाले ती सरकी दुकानात ठेवायला तयार नव्हते. गिऱ्हाईक होतं ते लांबचं, परराज्यातलं, आणि ते वेबसाइटवरूनच यायचं. तिकडच्या लोकांची भाषा कळत नाही म्हणून यांनी साइटवर फोन नंबरसुद्धा टाकू दिला नव्हता. फॉर्मवर आलेली ऑर्डर त्यांची मुलगी वाचून दाखवायची आणि हे पार्सल बांधायचे.

मग बोंडअळीचं वर्ष आलं. गुलाबी अळीनं बीटीची बोंडं आतून पोखरून टाकली. लोकांनी उभ्या पऱ्हाटीत, कापसाच्या पिकात, रोटाव्हेटर घातला. त्या हिवाळ्यात आमच्याकडे कोणाच्या घरी जावं तर काय बोलावं तेच कळायचं नाही. गावातले लोक कापूसच सोडून सोयाबीनकडे वळले, पण त्याआधी बीटी शिकवणारी परराज्यातली माणसं आता गावरान बी कुठं मिळेल ते विचारू लागली. युसूफभाईंच्या भावांनी मात्र सांगून टाकलं होतं: या मृगापर्यंत सरकी खपली तर तुकडा तुझा, नाही तर आम्ही तिथं सोयाबीन पेरतो. सरकी फार दिवस घरात ठेवून चालत नाही, उगवण मरते. दरसाल पेरावी लागते. म्हणजे ते वाण राहणार की जाणार, हे त्या उन्हाळ्यातल्या ऑर्डरींवर ठरणार होतं.

आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात होस्टिंग कंपनीनं गाशा गुंडाळला. महिनाअखेर सर्व्हर बंद, आपापलं सामान हलवा, असा मेल मुलीला आला; होस्टिंगचं खातं तेवढं तिच्या मेलवर होतं. तो घेऊन युसूफभाई माझ्याकडे आले होते.

"डोमेन कोणी घेऊन दिलं होतं?" मी विचारलं.

"स्टेशनजवळच्या नेट कॅफेवाल्यानं. त्यानंच मेल आयडी बनवून देल्ला. म्हने, बरेच वर्ष पाहाचं काम नाही."

मी कपाळाला हात लावला. हा कॅफेवाला मला माहीत होता. पोरांचे निकाल, नोकरीचे अर्ज, सगळ्यांना मेल आयडी तोच काढून द्यायचा आणि प्रत्येक आयडीला मोबाइल नंबर स्वतःचा जोडायचा. त्यात लबाडी नव्हती. लोक पासवर्ड विसरायचे आणि पुन्हा त्याच्याकडेच यायचे. नवा पासवर्ड करायला लागणारा ओटीपी त्याच्याच फोनवर आला की काम सोपं. गिऱ्हाइकाचा मोबाइल घरी असायचा, नाहीतर रिचार्ज संपलेला. आमच्या भागात कितीतरी लोकांचे मेल असे दुसऱ्याच्या नंबरवर उघडलेले आहेत, आणि कोणाला त्यात वावगं वाटलेलं नाही.

कॅफेवाला आता सुरतला होता. शोधाशोध करून त्याला फोन लावला.

"अरे भाऊ, तो नंबर तं कवाचाच बंद झाला," तो म्हणाला. "सगळ्यायच्या हाती स्मार्टफोन आले, मंग कॅफेत कोन येते? मी साडीच्या दुकानात लागलो इकडे."

"डोमेन कोणाच्या नावावर टाकलं होतं?"

"कॅफेच्याच असन. मी सगळ्यायचं तसंच टाकत होतो."

डोमेन कंपनीच्या सपोर्टला फोन केला. रेकॉर्डवर ज्याचं नाव आहे त्याचा पुरावा पाठवा, असं ते म्हणाले. नाव कॅफेचं. कॅफेचं लायसन्स कधीच संपलेलं, कागद रद्दीत गेलेले.

"अहो, खरा मालक माझ्यासमोर बसलाय," मी म्हणालो.

"सर, हमारे रेकॉर्ड में उनका नाम नहीं है."

मी फोन आपटला. त्यांचं चुकत नव्हतं, म्हणून जास्तच राग आला.

आता एकच वाट उरली. बंद झालेला नंबर मोबाइल कंपनी काही काळानं दुसऱ्याला देते. तो नंबर आता ज्याच्याकडे असेल, त्यानं ओटीपी सांगितला तर मेल उघडेल, मेल उघडला तर डोमेनचा पासवर्ड बदलता येईल. मी नंबर फिरवला. एका बाईनं उचलला. बोलण्यावरून जालन्याकडची वाटली. मी नाव-गाव सांगितलं, सगळी हकिगत सांगितली आणि म्हणालो, "आता तुमच्या फोनवर एक आकडा येईल, तेवढा सांगा."

"आला बघा," ती म्हणाली. "पण मी नाही सांगणार. बँकेतल्या साहेबांनी बजावलंय, कुणीबी मागू द्या, आकडा द्यायचा नाही. माझ्या दिराचं खातं असंच साफ केलं. तो बी लई गोड बोलत होता."

महिला बचत गटांच्या बैठकांत मी स्वतः हेच शिकवत आलो आहे. कोणी कितीही खरं वाटलं तरी ओटीपी सांगू नका. इतकी पक्की विद्यार्थिनी मला आजवर भेटली नव्हती.

युसूफभाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "बाई, मी सोनाळ्याचा कास्तकार आहो. मले तुमच्या बँकेशी काही घेनं नाही. माही सरकी पडून राह्यली घरात. रोजा आहे माहा, रोज्यात मी खोटं बोलीन का?"

ती हळू म्हणाली, "भाऊ, तुम्ही खरं बी बोलत असाल. पण मला कसं कळावं?"

मी फोन घेऊन म्हणालो, "ताई, तुमचं गाव सांगा, आम्ही समक्ष येतो." तिथं घोटाळा झाला. घरी येतो म्हटल्यावर ती घाबरली आणि फोन कापला. त्यानंतर माझ्या फोनवरून तिचा नंबर लागला नाही, युसूफभाईंच्या फोनवरूनही नाही. आमच्या ओळखीतल्या एका मास्तरीणबाईंनी करून पाहिला. त्यांनाही दोन वाक्यांत तोडून टाकलं.

महिना संपला आणि जुना सर्व्हर बंद पडला. जुना पत्ता टाकला की कोरं पान यायचं. मी मुलीच्या नावावर नवं डोमेन घेऊन साइट चालू केली. ती चकाचक उघडत होती, पण येणार कोण? जुन्या मोजक्या गिऱ्हाइकांना मुलीनं कळवलं, पण नव्या लोकांच्या मोबाइलवर गावरान सरकी कुठं मिळेल ते सांगत फिरणाऱ्या मेसेजमध्ये पत्ता जुना होता. कापसाच्या त्या वाईट वर्षानंतर जी माणसं बी शोधत होती, ती जुन्या पत्त्यावर येत होती आणि माणूस संपला असं समजून परत जात होती. जिवंत धंदा असा डोळ्यांदेखत बंद पडताना मी पहिल्यांदाच पाहिला. मला काही म्हणता काही करता आलं नाही.

पावसाळ्यात एका कामानं संग्रामपूरकडे गेलो तेव्हा सोनाळ्याला वळलो. त्या तुकड्यात सोयाबीन वर आलं होतं. युसूफभाई गोठ्यात होते. म्हशीपुढच्या टोपल्यात भिजवलेली सरकी होती.

"तीच का?" मी विचारलं.

"हाव. पडून सडन, त्यापरीस म्हशीले घातलेली बरी. दूध घट्ट येते."

"मूठभर तरी ठेवायची होती."

"ठिऊन कुठं पेरू, भाऊ? वावर कुठं हाय?" त्यांनी म्हशीच्या पाठीवर हात फिरवला. "अन् त्या बाईले दोष नका देऊ. तिनं बराबरच केलं."

पुढे त्या जुन्या डोमेनची मुदतही संपली. मी टपून बसलो होतो, पण असे सुटलेले पत्ते उचलणारे माझ्यापेक्षा चपळ निघाले. आता तिथं ऑनलाइन रमीची जाहिरात उघडते.

वेबसाइट हलवायची असेल तर सर्व्हर नंतर बघा. आधी डोमेन कोणाच्या नावावर आहे आणि त्याचा ओटीपी कोणाच्या फोनवर येतो ते बघा. हल्ली मी प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हाच विचारतो. बरेच जण म्हणतात, "बघून सांगतो," आणि सांगत नाहीत.