काकींचे ट्रक

हातात आलेली कुठलीही वस्तू काकी आधी उलटी करून बघायच्या. कपबशी असो, कंदील असो. मी गावच्या शाळेवर नवी हजर झाले आणि त्यांच्या माडीवरची खोली भाड्याने घेतली, तेव्हा त्यांनी माझ्या चपलासुद्धा उचलून तळवे बघितले होते. "वरून समदंच झ्याक असतंय बाई," त्या म्हणाल्या, "खालून बघावं."

तुम्हीही अशी चिकित्सक माणसं पाहिली असतील. पण काकींनी मला पहिला धक्का दिला तो त्यांच्या बैठकीत. काचेच्या शोकेसमध्ये नुसते ट्रक! ओतीव धातूचे, तळहातावर मावतील एवढे. मालट्रक, टँकर, उसाच्या मोळ्या लादलेले. एक उचलून मी सहज विचारलं, "नातवंडांचे का?"

"माझे हायत," काकी म्हणाल्या. "खाली ठेवा."

त्यांचे यजमान आमच्या वाहतूक सहकारी संस्थेचे चेअरमन. धारूरच्या डोंगराखालच्या त्या भागात उसाच्या गाड्यांपासून टँकरपर्यंत सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. त्या घरची बाई रस्त्यावर पायी दिसणं शक्यच नव्हतं. काकी बाहेर पडायच्या त्या जीपमधून, आणि पदर सारखा करत.

ओळख वाढल्यावर एकदा त्यांनी माझ्या दोन्ही हातांवर एकेक ट्रक ठेवला. गाडी तीच, कंपनी तीच. एक जुना, एक अलीकडचा. "वजन बघा," म्हणाल्या. जुना चांगलाच जड होता. उलटा केला तर खाली धातूचा पत्रा, त्यावर सायलेन्सर, आख, सगळं कोरलेलं. नव्याच्या खाली गुळगुळीत प्लास्टिक. जुन्याचे दिवे काचेचे, नव्याचे नुसते छापलेले.

"नव्याचा रंग लई चमकतो," काकी म्हणाल्या. "पर दार उघडत न्हाई. मंग डायवरनं बसायचं कुटून?"

हा नाद लागला कसा, तेही त्यांनीच सांगितलं. लग्न झालं तेव्हा चेअरमनकडे एकच ट्रक होता आणि ते स्वतः चालवायचे. "मी शेजारी बसून पार कोल्हापूरपतूर गेलते," हे सांगताना त्यांचा चेहरा नव्या नवरीसारखा व्हायचा. पुढे संस्था झाली, खुर्ची आली, आणि काकींचं शेजारी बसणं संपलं. त्याची भरपाई म्हणून की काय, चेअरमन पुण्या-मुंबईच्या दौऱ्यावरून येताना त्यांच्यासाठी हटकून एक ट्रक आणायचे. तो उलटा करून काकी न्याहाळत असताना हा एवढा दरारा असलेला माणूस समोर उभा राहून विचारायचा, "काय, पास का नापास?"

मग तो दुष्काळ आला. कारखान्याचं धुराडं त्या हंगामात पेटलंच नाही. गावापासून लांब असलेल्या वाडीतली हातीपायी धड माणसं ऊसतोडीला कर्नाटकात गेलेली, मागे म्हातारी तेवढी राहिली. संस्थेचा टँकर काकींच्या घरासमोरच्या सार्वजनिक विहिरीत पाणी ओतायचा. पहिल्या दिवशी काकींनी त्याला ओवाळलं होतं, नारळ फोडला होता.

वाडीलाही टँकर हवा, अशी मागणी झाली. संस्थेने ती मान्य केली. जुना टँकर वाडीला जाणार, गावाला नवा येणार, असं ठरलं. जुना गावात यायचा बंद झाला. आणि त्याच दिवसांत वाडीची एक म्हातारी शाळेच्या पिंपातलं पाणी मागायला आली.

"तुमच्याकडे टँकर येतो ना, आजी?" मी विचारलं.

"कुटला टँकर? आवाज बी न्हाई आला."

मी ते काकींच्या कानावर घातलं. त्यांनी माझ्यासमोरच चेअरमनना विचारलं. ते हसले. "म्हातारीला कमी ऐकू येतंय. टँकर रोज जातोय वाडीला." काकींनी मान हलवली आणि त्यांना भाकरी वाढली.

नवा टँकर आला तो निळाशार, झेंडूचे हार घातलेला. तालुक्याच्या कचेरीतली माणसं आली होती. गाव रिकाम्या घागरी घेऊन जमलं होतं. काकी ताट घेऊन आल्या. आधी त्यांनी टँकरला एक फेरी मारली. मग ताट डाव्या हातावर सावरून, भरजरी लुगड्यासकट पुढच्या चाकाशी उकिडव्या बसल्या आणि खाली बघू लागल्या. लोक हसले. चेअरमनही हसले. "काय, पास का नापास?"

काकी उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"ह्याला मी येकदा ओवाळलंय," त्या म्हणाल्या.

कुणालाच काही समजेना. त्यांनी बोट दाखवलं. ड्रायव्हरच्या दारापाशी चढायची जी पायरी असते, तिला खालून सळईचा तुकडा जोडलेला होता. जुन्या टँकरची पायरी विहिरीच्या कठड्याला घासून तुटली होती आणि तिला तिथंच, सगळ्यांदेखत, सळई जोडली होती. माडीवरून मीही ते पाहिलं होतं.

"हा नवा न्हाई. त्योच हाय, निळा केलेला," काकी आता मोठ्याने म्हणाल्या. "मंग वाडीला कोन जातंय?"

एवढ्या गर्दीत घागरीचासुद्धा आवाज नव्हता. चेअरमन हळू आवाजात एवढंच म्हणाले, "घरात जा."

काकींनी ताट जमिनीवर ठेवलं. नारळ तसाच, दिवा तसाच जळत होता. त्या आत गेल्या. आणि तालुक्याची माणसं एकेक करून टँकरपाशी वाकू लागली.

थोड्याच दिवसांत वाडीला खरोखरचा टँकर सुरू झाला. प्रकरण मिटवलं गेलं, चेअरमन चेअरमनच राहिले. फक्त ते काकींशी बोलायचे थांबले. माडीवर मला खालचा सगळा संसार ऐकू यायचा. आता नुसता ताटवाटीचा आवाज येई.

एका सकाळी मी वर्गात शिकवत होते. दारात चेअरमन उभे. डोक्यावर टोपी नाही. त्या माणसाला बोडक्या डोक्याने मी कधी पाहिलंच नव्हतं.

"बाई, तिनं तुमाला काय सांगितलं का?"

"कोणी? काय झालं?"

"गेली. सिरसाळ्याला, भावाकडं. ताट वाढून ठिवलं आन् गेली. यष्टीनं गेली म्हणतेत." ते उंबरा ओलांडून आत आले. "यष्टीनं, बाई! आन् ट्रक समदे इथंच हायत. येक बी न्हेला न्हाई."

त्यांच्याच सांगण्यावरून मी रविवारी सिरसाळ्याला गेले. काकी भावाच्या पडवीत तूर पाखडत होत्या. मला बघून त्यांनी आधी विचारलं, "वाडीला पानी येतंय?"

"येतंय. रोज."

"बरं झालं."

"काकी, चेअरमननी बोलावलंय."

"सोता कावून न्हाई आले?"

"लाजतात," मी म्हणाले.

सुपातला त्यांचा हात थांबला. "लाजतेत व्हय?" डोळे भरून आले, पण आवाज सरळ होता. "मंग बरं हाय. पर बाई, मुक्या मानसाला ताट वाढायला मी आता न्हाई जायची." सूप पुन्हा हलवत म्हणाल्या, "ट्रकला वल्लं फडकं लावू नका म्हनावं. कोरड्यानं पुसा."

हा निरोप मी चेअरमनना शब्दाला शब्द सांगितला. त्यांनी ऐकून घेतला. सिरसाळ्याला मात्र ते कधीच गेले नाहीत. पुढच्या वर्षी माझी बदली झाली, आणि काकींची माझी भेट तीच शेवटची ठरली.

त्या रविवारी त्या मला स्टँडपर्यंत सोडायला आल्या. बाजाराचा दिवस होता. एक हातगाडीवाला ओरडला, "ए मावशी, सरक की!" मी दचकून काकींकडे पाहिलं. त्या हसून बाजूला सरकल्या. माझी एसटी सुटली तेव्हा खिडकीतून त्या मला चिंचांच्या ढिगापाशी दिसल्या. त्यांनी एक चिंच उचलली आणि भर रस्त्यात, उभ्या उभ्या, तोंडात टाकली. आंबटपणाने डोळे मिटले. पदर डोक्यावरून घसरला होता आणि त्या तो सावरत नव्हत्या.