काकांचा धुमा कुणी खाल्ला?

तारा मी उलट्या जोडल्या. एरवी ही चूक कुठंही खपून गेली असती. पण ही सासुरवाडी होती, देवळापुढचा मांडव होता, आणि मंगलचे मालक, म्हणजे मी, मशीन कसं दुरुस्त करतात ते बघायला अर्धं गाव जमलं होतं.

मंठ्याला बसस्टँडच्या मागं माझं साउंड सिस्टीम रिपेअरिंगचं दुकान आहे. सासुरवाडी घनसावंगीच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला. तिथं सप्ताह चालू होता आणि गावानं यंदा नवी सिस्टीम घेतली होती. दोन उंच बॉक्स, एक ॲम्प्लिफायर, एक मिक्सर. त्यातला एक बॉक्स आदल्या दिवशी मुका झाला. मेहुण्याचा, म्हणजे दत्तूचा, फोन आला, "दाजी, परवा काल्याचं कीर्तन हाय. जल्दी या. ताईला बी आणा."

बॉक्स खोलला. आत एका तारेचं सोल्डर सुटलेलं होतं. ते नीट करायला म्हणून बाकीच्याही तारा काढल्या. परत जोडताना नेमका सासूबाईंनी चहा पुढं केला. माझं अर्धं लक्ष कपाकडं गेलं आणि तेवढ्यात हातानं आपल्या मनानं काम उरकलं. चालू केलं, तर पत्र्याच्या डब्यात मुंग्या भजनाला बसल्यासारखा आवाज.

"दाजी," दत्तू म्हणाला, "बॉक्स माणसाएवढा, आन् आवाज मच्छराचा?"

मांडव हसला. सासूबाई पदर तोंडाला लावून घरात गेल्या.

झालं होतं ते असं. अशा बॉक्समध्ये दोन स्पीकर असतात. मोठा वूफर जाड आवाजासाठी आणि छोटा ट्वीटर बारीक आवाजासाठी. ॲम्प्लिफायरकडून सगळा आवाज एकत्र येतो. त्याची वाटणी करायला मध्ये दोन फिल्टर बसवलेले असतात. एकाला लो-पास म्हणतात. तो जाड आवाज पुढं सोडतो आणि बारीक अडवतो. त्याच्यात तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, ती कॉइल. दुसरा हाय-पास, तो याच्या बरोबर उलटा. त्याच्यात कपॅसिटर असतो. मी कपॅसिटरची तार वूफरला दिली आणि कॉइलची ट्वीटरला. म्हणजे पैलवानाला शेवया वळायला बसवलं आणि नव्या सुनेला आखाड्यात उतरवलं. आवाज बारीक ठेवला होता म्हणून सून वाचली.

जाड आवाज म्हणजे सावकाश हेलकावे, बारीक आवाज म्हणजे भराभर थरथर. झोक्यावर एखादा वजनदार माणूस बसवा. सावकाश ढकललं तर जातो. भराभर टिचक्या मारल्या तर जागचा हलत नाही. कॉइलचा स्वभाव तसा. कपॅसिटर म्हणजे पाण्याच्या पाइपात मधोमध ताणून बसवलेलं फुग्याचं रबर. अलीकडून भराभर हिसके द्या, पलीकडचं पाणी थरथरतं. सावकाश रेटलं तर रबर नुसतं फुगून बसतं, पलीकडं काही पोचत नाही.

खरं तर हे समजायला दुकानही लागत नाही. उसाच्या दिवसांत त्या गावात दुपारी नुसतं पडून राहावं. लांब रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर येत असतो, ड्रायव्हरनं गाणं लावलेलं असतं. आधी फक्त धुम धुम येतं, जमिनीच्या पोटातून आल्यासारखं. मग हळूहळू त्याला शब्द फुटतात, गाणारी बाई येते, बासरी येते. ट्रॅक्टर दारावरून जातो. मग आधी बासरी जाते, मग बाई, मग शब्द. धुम धुम तेवढं उसाच्या पानांत बराच वेळ रेंगाळतं. मधली हवा, झाडं, अंतर, हे सगळं मिळून एक मोठा लो-पास फिल्टर. आणि खिशातल्या मोबाइलवर गाणं लावून कुणी सायकलवरून गेला तर नुसतं चिन् चिन् ऐकू येतं, ढोल कुठंच नसतो. तो हाय-पास.

तर, तारा सुलट्या केल्या. दत्तूनं पेनड्राइव्हवरचं सिनेमाचं गाणं लावलं. बॉक्स असा धडधडला की मांडवाच्या बांबूवरची कबुतरं उडाली. लोक खूश होऊन पांगले. मी हत्यारं गोळा करत होतो, तेवढ्यात दत्तूनं मला लिंबाखाली ओढलं.

"दाजी, अजून एक काम हाय. किसनकाकाला जरा समजावून सांगा."

किसनकाका म्हणजे मंगलचे चुलते. मंगल परकर नेसायची तेव्हापासून सप्ताहात पखवाज तेच वाजवतात.

"काय समजावायचं?"

"काकाचा डावा हात गेला, दाजी. मागल्या साली सायकलवरून पडल्ते ना, खांद्यावर? यंदा धुमा वाजतच न्हाई. नुसतं टक टक. गाव म्हणून राह्यलंय. उद्या काल्याला परभणीचा वादक सांगून ठेवलाय मी."

पखवाजाच्या डाव्या तोंडाला धुमा म्हणतात. त्याला ओली कणीक लावतात, म्हणून तो जाड, घुमणारा बोलतो. तो बोलला नाही तर पखवाज म्हणजे नुसती टिचकी.

"काकांना माहीत आहे हे?"

"न्हाई ना. म्हणून तर तुम्हाला सांगून राह्यलो. आमचं कोणाचं ऐकायचे न्हाईत. जावयाचा शब्द मोडणार न्हाईत."

"अरे, मशीनमध्ये काही असेल."

"आत्ता गाणं ऐकलं न्हाई का तुम्ही? ढोल कसा वाजला? मशीन बिलकुल बराबर हाय."

त्याचंही खरं होतं. आमच्या धंद्यात असंच करतात. चांगला आवाज आत सोडायचा, बाहेर चांगला आला की मशीनवर संशय घ्यायचा नाही. हत्यारं पिशवीत टाकली आणि घराकडं निघालो.

मंगल घराच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिला सगळं आधीच कळलेलं होतं.

"काकाचं जेवणावर ध्यान न्हाई," ती म्हणाली. "काकी सांगत होती. तुम्ही काय बोलणार हाव त्येंला?"

"बघतो."

"बघू नका. नीट बोला. त्या पखवाजाशिवाय त्या माणसाला दुसरं काही न्हाई."

देवळात गेलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. काका एकटेच पखवाज मांडीवर घेऊन कणीक मळत होते. डाव्या खांद्यावर उपरणं, उजव्या हाताची बोटं पिठात. कणकेचा गोळा अगदी सावकाश फिरत होता. बघता बघता मलाच झोप येऊ लागली.

"या जावईबापू," काका म्हणाले. "बसा. तुमच्या बी कानावर आलं असंल."

"काय?"

"माझा धुमा गेला म्हणतेत. तोंडावर कोणी बोलत न्हाई, पण समजतं ना माणसाला." त्यांनी कणीक डाव्या तोंडावर थापली, ओल्या बोटांनी गोल केली. "मला तर ऐकू येतो हो. चांगला येतो. पण बाहेर कोणालाच येत न्हाई म्हणल्यावर मीच म्हणलं, भास असंल. म्हातारपणी होतेत भास."

समजावणीची वाक्यं मी रस्त्यानं जुळवत आलो होतो. ती बाजूला ठेवली. "थोडं वाजवा की," एवढंच म्हणालो.

त्यांनी वाजवलं.

माइक नव्हता, कुणी ऐकणारं नव्हतं. पहिला धुमा फरशीतून माझ्या मांड्यांपर्यंत आला आणि तिथून पाठीत चढला. समईची ज्योत हलल्यासारखी वाटली, की मीच हललो कोण जाणे. काकांचे डोळे मिटलेले. तो आवाज कानात शिरत नव्हता, आपणच त्याच्या आत जाऊन बसल्यासारखं वाटत होतं. लहानपणी बैलगाडीत गोधडीवर पडून चाकांचा घर्र घर्र ऐकत झोपायचो, तसं काहीतरी. किती वेळ गेला कळलं नाही. काका थांबल्यावरही फरशी बोलतच होती.

मग जाग आल्यासारखं झालं. हा हात गेलेला नव्हता.

"काका, मांडवात या. माइकपुढं एकदा वाजवा. मी लांबून ऐकतो."

दत्तूनं कुरकुरत सिस्टीम चालू केली. काका माइकपुढं बसले आणि मी मांडव सोडून पांदीच्या वाटेनं चालू लागलो. दोन्ही बाजूंनी ऊस, पानांची सळसळ, वर पिवळं पडत गेलेलं ऊन. मागून पखवाज येत होता. टक टक, टक टक. उजवा हात स्वच्छ, डावा कुठंच नाही. पत्र्याच्या डब्यातल्या मुंग्या.

तिथंच थांबलो. सकाळी माझ्या हातून बिघडलेला बॉक्स अगदी असाच बोलत होता. म्हणजे कुठंतरी हाय-पास मध्ये बसला होता. बॉक्समध्ये नव्हता, तो तर गाण्याला नीट वाजला. काकांच्या हातात नव्हता, त्यांचा धुमा तर आत्ताच माझ्या पाठीतून जाऊन आला होता. मग राहिलं काय? माइक आणि बॉक्स यांच्यामधला मिक्सर. मी वळून धावत निघालो आणि उसाच्या सरीत पाय अडकून पडलो. ते कुणी पाहिलं नाही, म्हणून इथं फार सांगत नाही.

मिक्सरवर प्रत्येक माइकचं वेगळं चॅनल असतं, आणि प्रत्येक चॅनलवर एक छोटं बटण. त्याच्यावर डाव्या टोकाला वाकलेली रेघ काढलेली असते. ते बटण म्हणजे हाय-पास फिल्टर. दाबलं की खालचा जाड आवाज कापला जातो. इथं ओळीतली सगळीच बटणं आत दाबलेली होती. शिवाय त्याच माइकांचे, जाड आवाज कमी-जास्त करायचे, सगळे खुंटे डावीकडं शेवटपर्यंत पिळलेले.

"दत्तू, ही बटणं कुणी दाबली?"

"मीच. पहिल्या दिवशी महाराजांच्या माइकमधी वारं भरून लई भरभर होऊन राह्यलं होतं. दुकानवाल्याला फोन केला. तो म्हणला, ते बटण दाबा, तो खुंटा कमी करा. दाबलं, भरभर गेली."

"ते बरोबर आहे. माणसाच्या गळ्यात एवढा खालचा जाड आवाज नसतो. पण सगळ्यांची कशाला दाबली?"

दत्तूनं माझ्याकडं असं पाहिलं की मलाच लाज वाटावी. "दाजी, सप्त्यात महाराजांना एक आन् बाकीच्यांला दुसरं, असं कसं चालंल? सगळ्यांला सारखं केलं."

दत्तू सप्ताहाच्या पंगतीत वाढपी असतो. एका पानाला जे वाढलं ते शेवटच्या पानापर्यंत गेलंच पाहिजे, हे त्याच्या हाताचं वळण. त्या नेमानं त्यानं काकांच्या पखवाजालाही वाऱ्यावरचं औषध पाजलं होतं. पेनड्राइव्हच्या चॅनलला ते बटणच नसतं, म्हणून तेवढं सुटलं होतं.

काका तिकडं वाजवतच होते, खाली मान घालून. मी कुणाला काही न सांगता पखवाजाचं बटण वर सोडलं आणि खुंटा मध्यावर आणला.

धुमा बाहेर आला.

मांडवातून निघाला, लिंबावरून गेला, उसावर पसरला. ओट्यावर तांदूळ निवडणाऱ्या बायकांचे हात सुपातच थांबले. गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली. पाराजवळ बिडी ओढणारे दोघं उठून उभे राहिले, कशासाठी ते त्यांनाही ठाऊक नसावं. थोडा वेळ सगळं गाव एका मोठ्या पखवाजाच्या पोटात बसल्यासारखं झालं.

काकांनी वाजवणं थांबवलं. आधी बॉक्सकडं पाहिलं, मग स्वतःच्या डाव्या हाताकडं.

"दत्तू," ते म्हणाले, "बाहेर आलं का रे?"

"आलं काका! आलं, आलं!" दत्तू मिक्सरजवळूनच ओरडला. मग तो माझ्या कानाशी लागला, "दाजी, परभणीवाल्याचं काय करू आता? निघाला असंल तो."

"येऊ दे. ऐकायला बसेल."

दुसऱ्या दिवशी काल्याला काका बसले. कीर्तन अर्ध्यावर आलं आणि त्यांनी आपण होऊन मान वळवली. "या," म्हणाले परभणीच्या पाहुण्याला, "पुढलं तुम्ही घ्या. खांदा भरून आला माझा." पखवाज त्याच्या मांडीवर ठेवला आणि टाळ उचलला. चेहऱ्यावर दमणूक होती, पण कालचा तो भास झाल्याचा संशय नव्हता. लोकांनी उठवणं वेगळं आणि आपण दमून उठणं वेगळं.

या प्रकारातून धंद्यातलं शहाणपण म्हणाल तर एवढंच. आवाज पोचत नसेल तर वाजवणाऱ्याचा हात तपासण्याआधी मधल्या वाटेत कोण बसलंय ते बघावं. हे मी दत्तूला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, जेवताना काकांना दोन्ही फिल्टर कॉइल-कपॅसिटरसकट समजावून सांगितले. परभणीच्या पाहुण्यालाही सांगत होतो, पण त्याची बस आली.

संध्याकाळी मोटारसायकलवरून परत निघालो. मंगलनं मागून माझा खांदा घट्ट धरला होता. मला वाटलं, नवऱ्याचा अभिमान वाटत असावा. घनसावंगी मागं पडल्यावर म्हणाली,

"मशीन पाह्यलं, बटण पाह्यलं, हात चांगला हाय म्हणून सगळा गाव नाचला. पण खांदा दुखतो म्हणून माणूस भरल्या कीर्तनातून उठला, तो खांदा कोणी पाह्यला न्हाई. सोमवारी काकाला जालन्याला दवाखान्यात न्यायचं. मी बोलले काकीशी. तुम्ही बी चला. फक्त डॉक्टर बोलत असले की त्येंला मधीच फिल्टर समजून सांगू नका."